जुन्या संगणक खेळांची घडणही वाचकांपर्यंत पोहोचावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संगणकावरील जुन्या खेळांविषयी कोणी जिव्हाळ्याने बोलू लागले, की ती बालपणाची हळवी आठवण समजून विषय बाजूला सारला जातो. आठवणीचा वाटा त्यात आहेच. परंतु हे खेळ निघाले तेव्हा ज्यांचा जन्मही झाला नव्हता, अशी मुलेसुद्धा आज त्यांत तासन्‌तास रमतात. त्याचे कारण खेळांच्या घडणीतच शोधावे लागते, आणि या घडणीविषयी आपल्या वृत्तपत्रात लिहून यावे, यासाठी हा पत्रप्रपंच.

त्या काळच्या यंत्रांची ताकद तोकडी होती आणि ती खेळातच मुरलेली दिसते. तोमोहिरो निशिकादो यांच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये (१९७८) परग्रहवासीयांची अख्खी फौज एकाच वेळी हलवणे प्रोसेसरला जड जात असे, खेळाडू एकेक शत्रू टिपत गेला, की भार हलका होऊन उरलेले शत्रू आपोआप वेगाने सरकू लागत. निशिकादो यांनी हा वेग तसाच राहू दिला, आणि शेवटच्या शत्रूमागे धावताना होणारी जिवाची घालमेल त्यातून आली. अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी मॉस्कोत ‘टेट्रिस’ हा वरून पडणारे ठोकळे रचण्याचा खेळ प्रथम रचला, तो चित्रे काढण्याची सोयच नसलेल्या संगणकावर. तेथील ठोकळे कंसाच्या चिन्हांनी बनलेले होते.

मला सर्वांत प्रिय उदाहरण ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चे (१९८९). जॉर्डन मेक्नर यांनी आपल्या भावाच्या धावण्याचे व उड्यांचे चित्रीकरण करून त्यावरून राजपुत्राची हालचाल एकेका चित्राने उतरवली; म्हणूनच तो कड्याला लोंबकळतो तेव्हा त्याच्या शरीराला वजन असल्याचे जाणवते. मात्र या चित्रांनी संगणकाची स्मृती इतकी व्यापली, की दुसऱ्या पात्रासाठी जागा उरली नाही. तेव्हा राजपुत्राचीच आकृती किंचित सरकवून, बिटांवरील (म्हणजे संगणकातील ० आणि १ या अंकांवरील) एका साध्या तार्किक क्रियेने तिची धूसर छाया तयार करण्यात आली. आरशातून बाहेर पडणारी ही छाया पुढे राजपुत्राची वैरीण होते, तिच्यावर केलेला वार त्यालाच लागतो, आणि तलवार म्यान करून तिच्याशी एकरूप झाल्याखेरीज वाट मोकळी होत नाही. स्मृतीच्या टंचाईतून कथेचा गाभा जन्माला यावा, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

अशी दृष्टी एकदा लाभली, की रोजच्या वापरातील साधनेही आनंद देऊ लागतात. क्यूआर कोडच पाहा. मासाहिरो हारा यांच्या चमूने तो १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला. त्याच्या तीन कोपऱ्यांतील चौकोनांत काळ्या-पांढऱ्या भागांचे प्रमाण १:१:३:१:१ असे आहे. छापील मजकुरात ते क्वचितच आढळते म्हणून निवडले गेले, आणि त्यामुळे कॅमेरा तिरका धरला तरी कोड ओळखला जातो. कोडमध्येच चुका भरून काढण्याची सोय असते; तिची सर्वोच्च पातळी वापरली असेल, तर सुमारे ३० टक्के भाग खराब होऊनही तो वाचता येतो. दिवसातून अनेकदा आपण हे चौकोन पाहतो. त्यांच्याकडे कौतुकाने पाहायला मात्र कोणी शिकवत नाही.

यात निकडीचा भागही आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ मधील अभ्यासानुसार, अमेरिकेत २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आता अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. चुंबकीय फ्लॉपींचे आयुष्य मर्यादित असते. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची हरवलेली मूळ आज्ञावली २०१२ मध्ये जुन्या फ्लॉपींवर सापडली आणि जाणकारांच्या मदतीने ती वाचवता आली, हे सुदैवच. इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहालयाने डॉस या जुन्या संगणक प्रणालीवरील हजारो खेळ ब्राउझरमध्ये खेळण्याजोगे ठेवले आहेत, पण सामान्य वाचकापर्यंत ही माहिती फारशी पोहोचलेली नाही.

नव्या फोनची किंमत आणि कॅमेऱ्याची क्षमता यांविषयी भरपूर छापले जाते. त्याच पानावर महिन्यातून एकदा तरी एखाद्या जुन्या खेळाची किंवा नित्याच्या साधनाची अंतर्गत रचना, ती घडवणाऱ्या माणसांच्या नावांसह, सोप्या भाषेत समजावून द्यावी, आणि जुना खेळ आज कोठे खेळता येईल तेही सोबत द्यावे, अशी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक