हॉर्न थांबले तरी रस्ता वाजतोच

महोदय,

मुंबईतल्या आवाजाचा विषय निघाला की तो हॉर्नवर सुरू होतो आणि हॉर्नवरच संपतो. २०२० च्या सुरुवातीला वाहतूक पोलिसांचा तो शिक्षा करणारा सिग्नल गाजला होता. हॉर्नचा कल्ला ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. कल्पना झकास होती. पुढे २०२३ मध्ये ‘नो हाँकिंग डे’ही झाला. विनाकारण हॉर्न वाजवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ एफनुसार पहिल्या वेळी हजार रुपये दंड आहे. हे सगळे हवेच. पण उड्डाणपुलाच्या उंचीवर ज्यांच्या खिडक्या आहेत, त्यांना विचारा, रात्री दोन वाजता झोप कशाने मोडते? त्या वेळी हॉर्न कोण कशाला वाजवील? रस्ता मोकळा असतो आणि अडचण तीच आहे.

मोकळ्या रस्त्यावर वेग वाढतो. ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरच्या पुढे मोटारीच्या इंजिनापेक्षा टायरचाच आवाज मोठा होतो. त्यामुळे इलेक्ट्रिक गाड्या आल्या की शहर आपोआप शांत होईल, या भरवशावर राहू नये. इलेक्ट्रिक बस स्टॉपवरून निघताना कळतसुद्धा नाही, हे खरे. पण पुलावरून सुसाट निघालेल्या मोटारीत बॅटरी आहे की पेट्रोल, हे वरच्या खोलीत झोपलेल्याला सांगता येणार नाही. गाड्या निम्म्या केल्या तरी आवाज तीनच डेसिबलने उतरतो. मग उरतो वेग आणि उरतो रस्ता.

रस्त्याबद्दल कोणी बोलतच नाही. पुलाच्या दोन गाळ्यांमधला सांधा झिजला किंवा वर-खाली झाला की डंपरचा दणका दोनदा बसतो, आधी पुढच्या चाकांचा, मग मागच्या. अवजड वाहनांना गर्दीच्या वेळी शहरात मनाई असते, म्हणून डेब्रिजचे डंपर आणि सिमेंटचे मिक्सर नेमके रात्री धावतात. खालच्या रस्त्यावर सैल झालेले मॅनहोलचे झाकण असते, ते प्रत्येक चाकाखाली खणखणते. झाकणाखाली रबर बसवणे हे काही अवकाशयान सोडण्याचे काम नाही. तक्रार करायला जावे तर पूल एका खात्याचा, झाकण दुसऱ्याचे.

शिवाय हे आवाज मोजणीत नीट सापडतही नाहीत. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ही मर्यादा ४५ डेसिबल आहे, पण ती सरासरीची. रात्रभरात अधूनमधून बसलेले दणके त्या सरासरीत विरून जातात. झोप मात्र सरासरीने मोडत नाही.

सध्या शहरभर रस्त्यांचे काँक्रीटीकरण चालू आहे. खड्डे जातील, त्याचे स्वागतच. पण काँक्रीट साधारणपणे डांबरापेक्षा जास्त वाजते. त्यावर टायरची पकड राहावी म्हणून ओढलेल्या रेघा आडव्या असल्या तर भरधाव गाडीची एकसुरी शीळ ऐकू येते. त्याच रेघा रस्त्याच्या लांबीने ओढल्या तर ती बरीच कमी होते. हे काम सुरू होण्याआधी ठरवायचे असते. एकदा काँक्रीट घट्ट झाले की पुढची कित्येक वर्षे तेच ऐकायचे.

ध्वनिरोधक पडद्यांचेही पाहा. अटल सेतूवर शिवडीच्या बाजूला फ्लेमिंगोंना त्रास होऊ नये म्हणून ते लावले आहेत. फारच चांगले केले, पाहुण्यांची काळजी घ्यावीच. पण उड्डाणपुलांना लागून वर्षभर राहणाऱ्या माणसांसाठीही तेवढीच तत्परता हवी. पडदा सगळ्यांना पुरणार नाही, हेही कबूल. त्याच्या वर डोके काढणाऱ्या मजल्यांना त्याचा उपयोग होत नाही. त्यांच्यासाठी रात्रीचा वेग उतरवणे हाच स्वस्त मार्ग. पॅरिसने ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या रिंगरोडवरचा वेग ताशी ७० वरून ५० किलोमीटरवर आणला, त्यामागे आवाज हेही एक कारण होते. आपल्याकडे घरांना खेटून जाणाऱ्या पुलांवर रात्री दहानंतर ४० ची मर्यादा घालून कॅमेऱ्याने दंड आकारायला काय हरकत आहे?

महापालिकेने काँक्रीट रस्त्यांच्या पुढच्या निविदांमध्ये रेघांची दिशा आणि झाकणांखालचे रबर या दोन गोष्टी अटी म्हणून घालाव्यात. आणि पुलांची पावसाळ्यापूर्वी तपासणी होते, तेव्हा अभियंत्यांनी एक फेरी रात्री दोन वाजताही मारावी, शक्यतो पुलावरून नव्हे, शेजारच्या इमारतीच्या गॅलरीतून.

– एक रहिवासी, लालबाग, मुंबई-१२