हलालच्या शिक्क्याआधी तपासणी हवी

महोदय,

स. न. वि. वि.

राष्ट्रीय हलाल उद्योग उभारायचे ठरले की सरकारे आधी बोधचिन्ह काढतात, मग प्रदर्शन भरवतात आणि जागतिक बाजारपेठेचे डोळे दिपवणारे आकडे ऐकवतात. निर्यातीचा माल अडतो तो मात्र भलत्याच ठिकाणी. अन्नप्रक्रिया उद्योगात गुणवत्ता तपासणीचे काम करीत असल्याने त्याविषयी थोडे लिहितो.

हलाल म्हटले की बहुतेकांना मांस आठवते. वास्तविक कत्तलखान्यातली तपासणी त्यातल्या त्यात सोपी, कारण तिथे काय चालले आहे ते निदान डोळ्यांना दिसते. कॅप्सूलचे जिलेटिन कोणत्या प्राण्याचे, चीजसाठी दूध गोठवणारे रेनेट कुठून आले, स्वादाचा अर्क कशात विरघळवला, हे कसे दिसणार? इंडोनेशियात २००१ च्या सुरुवातीला एका नामांकित कंपनीला चव वाढवणारी पूड बाजारातून परत घ्यावी लागली. दोष पुडीत नव्हताच. ती बनवण्यासाठी लागणारे जिवाणू ज्या पोषक द्रव्यात राखले जात, ते तयार करताना डुकरापासून मिळवलेले एन्झाइम वापरले गेले होते. राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांनी ही पूड हलाल असल्याचे सांगितले, तरी ती निषिद्ध ठरवणारी उलेमा परिषद, म्हणजे मुस्लिम धर्मपंडितांची संस्था, आपल्या निर्णयावर ठाम राहिली. ग्राहकाचा विश्वास सरकारी घोषणेने मिळत नाही. त्यासाठी पुरवठादाराच्या पुरवठादारापर्यंतची कागदपत्रे हाताशी असावी लागतात.

लोकसंख्येत मुस्लिम किती, याचा या व्यापाराशी फारसा संबंध नाही. हलाल कोंबडीच्या निर्यातीत ब्राझील जगात आघाडीवर आहे. बौद्धबहुल थायलंडने चुलालोंगकोर्न विद्यापीठात हलाल विज्ञान केंद्र उभारले आणि धार्मिक निर्णयाला प्रयोगशाळेची जोड दिली. नव्याने या क्षेत्रात उतरणाऱ्यांनी अनुकरण करायचे तर याचे करावे.

पुढचा अडथळा परस्पर मान्यतेचा. एका देशाचे प्रमाणपत्र दुसऱ्या देशात चालेलच असे नाही. कापण्याआधी जनावराला बधिर करावे की नाही, यंत्राने कापलेली कोंबडी चालते का, यावर एकमत नाही. ‘हलाल’ शब्दाच्या वापराविषयी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या संस्थेने १९९७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे दिली, पण त्यांतही अर्थ लावण्यात फरक असू शकतो हे मान्यच केले आहे. तेव्हा ज्यांना माल विकायचा त्यांच्या संस्थांशी बोलणी आधी आणि शिक्क्याची छपाई नंतर, हा क्रम पाळलेला बरा. उलट केले की माल बंदरात पडून राहतो. मग दोष मात्र निर्यातदाराच्या माथी!

प्रमाणपत्र देणारी संस्था शुल्क घेते ते ज्याला प्रमाणपत्र हवे त्याच्याचकडून. मग त्या संस्थेवर नजर कोण ठेवणार? मलेशियाच्या हलाल चिन्हाचा जगभर दबदबा आहे, पण २०२० च्या अखेरीस तिथेही आयात मांसावर खोटे हलाल शिक्के मारल्याचे प्रकरण गाजले. म्हणून धार्मिक निर्णय, कारखान्याची तपासणी आणि तपासणाऱ्यांची तपासणी या तिन्ही गोष्टी एकाच कार्यालयात असू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

राहता राहिला लहान उत्पादक. शुल्क आणि कागदपत्रे यांतच तो दमतो. इंडोनेशियाने २०१४ च्या कायद्याने प्रमाणपत्र सक्तीचे केले, पण लहान उद्योगांना जास्त मुदत दिली आणि कमी जोखमीच्या साध्या पदार्थांसाठी स्वयंघोषणेची सोय ठेवली. यामुळे तपासणी ढिली पडते, असा आक्षेप घेतला जातो. मला तो पटत नाही. केळीचे वेफर्स तळणाऱ्याला आणि सॉसेजच्या कारखान्याला एकाच मापाने मोजण्यात काय अर्थ आहे? स्वयंघोषणेची यादी जाहीर असावी, अधूनमधून अचानक नमुने उचलावेत आणि मांस व जिलेटिन या सवलतीत येऊ देऊ नये.

आपला,
अन्नप्रक्रिया क्षेत्रातील एक वाचक