परवाच्या कामाचं आजचं दुखणं

परभणी,
१ डिसेंबर २०२४

प्रिय भगवान,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू वहिनींबद्दल म्हणालास, "लग्नात दोन दिवस चांगली हिंडत होती, वाढायलासुद्धा उभी राहिली. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी जी पडली ती पडलीच. आई म्हणते, लग्नाला बरी अन् कामाला आजारी." मी नुसता हं हं करत राहिलो. भोवती माणसं होती आणि घसा दाटून आला होता. हेच वाक्य माझ्याबद्दल आमच्या ओसरीवर बोललं गेलंय, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

एप्रिल २०२१ मध्ये मला करोना झाला, घरीच बरा झालो. ऑक्टोबरात सोयाबीनची रास झाली. दोन दिवस मी गड्यांबरोबर कट्टे उचलले, टेम्पो भरून मोंढ्यात गेलो. रात्री पोटभर जेवलो आणि सुमनला म्हणालो, संपलं बघ आजारपण. दुसऱ्या दिवशी अंग जरा जड होतं. तिसऱ्या दिवशी पाण्याचा तांब्या उचलेना. ताप नव्हता, पण घसा धरलेला, अंग ठेचल्यासारखं, उजेड सहन होईना. पेपरातली ओळ वाचायचो आणि शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरलेली असायची. बारा दिवस गेले. व्हायरल समजून सलाईन लावलं. असं पुन्हा दोनदा झालं, तरी ते कट्टे आणि हे अंथरूण यांची सांगड मला घालता आली नाही. मधे एक अख्खा बऱ्यापैकी दिवस जात होता ना!

नंतर एका डॉक्टरांनी सांगितलं, अशक्तपणा आहे, रोज चाला आणि दर आठवड्याला अंतर वाढवा. मी कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर नेमानं चाललो. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी भिंत धरून संडासापर्यंत जाणं, एवढंच चालणं उरलं. तो राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. पहिल्या दुखण्यापेक्षा त्या व्यायामानं मला जास्त पाडलं.

मग छत्रपती संभाजीनगरला एका डॉक्टरांनी विचारलं, "आजचं राहू द्या. परवा काय केलं होतं?" मी सांगत गेलो आणि सांगता सांगता मलाच कळलं. त्याला पोस्ट एक्झर्शनल मलेझ म्हणतात, लाँग कोविडमध्ये, म्हणजे करोना गेल्यावरही रेंगाळणाऱ्या दुखण्यात, बऱ्याच जणांना असतं. आपल्याकडे दुखणं उलटलं म्हणतात, तेच मी म्हणतो. हे श्रमानं उलटतं, पण लगेच नाही. बारा तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी, आणि मग दिवसच्या दिवस, कधी आठवडे राहतं. झोप काढून जात नाही. श्रम म्हणजे नुसतं ओझं उचलणं नव्हे. दोन तास हिशेब, पाहुण्यांशी बोलणं, घरातलं भांडण, मौतीला जाऊन रडणं, हे सगळं त्यात येतं. वहिनी ज्या लग्नाला गेल्या त्याचा हिशेब आता तूच लाव: एसटीचा प्रवास, जागरण, गोंगाट, शंभर माणसांशी बोलणं आणि वर वाढणं.

आईंना हे सांग. ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी अशाच २५ रुग्णांना आणि करोनातून पूर्ण बऱ्या झालेल्या २१ जणांना साधारण पंधरा मिनिटं दमवणारी सायकल चालवायला लावली. मांडीच्या स्नायूचे तुकडे आठवडाभर आधी आणि दुसऱ्या दिवशी काढून तपासले. रुग्णांच्या स्नायूत श्रमानंतर इजा वाढलेली होती आणि पेशीत शक्ती तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियाचं काम घटलं होतं. जानेवारी २०२४ मध्ये ते छापून आलं. सुनेचं ढोंग म्हणायला जागाच नाही रे यात.

तुमच्या रानातली विहीर आठव. उन्हाळ्यात वीस मिनिटं मोटार चालवायची, बंद करायची, पाझरू द्यायची. पाणी दिसतंय म्हणून तळ गाठला की मोटार जळते. मी तसाच जगतो. दमल्यावर थांबून उपयोग नाही, तोवर उशीर झालेला असतो. बरं वाटत असतानाच थांबायचं. हे फार अवघड आहे. अंगात जरा जीव आला की पडलेली कामं डोळ्यांपुढे नाचतात, आणि बाईमाणसाला तर जास्तच.

म्हणून हे वहिनींवर सोडू नकोस. एक वही घे, रोज काय केलं आणि कसं वाटलं दोन ओळींत लिही. तीन आठवड्यांत त्यांची हद्द कळेल. भाजी बसून निवडायची, अंघोळ स्टुलावर बसून, धुणं तू किंवा पोरांनी. कामाआधी आणि नंतर आडवं व्हायचं, डोळे मिटून, मोबाईलशिवाय, कारण मोबाईल बघणं विसाव्यात धरत नाहीत. सकाळी जाग आल्याबरोबर, उठण्याआधी त्यांची नाडी मोज. ती ७० असेल तर काम करताना ८५ च्या वर जाऊ लागली की बसायचं. सगळ्यांना हे लागू पडत नाही, मला पडलं. दुखणं उलटलंच तर खोली अंधारी, माणसं कमी, आणि "उठून बघ जरा" अजिबात नाही.

आधी तपासण्या मात्र कर. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, बी-१२, छातीचा फोटो. दुसरा आजार लपायला नको. छातीत दुखलं, दम लागला, चक्कर येऊन पडल्या तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना. ताकदीच्या सलाईनवर पैसे घालू नकोस, यावर खात्रीचं औषध अजून निघालेलं नाही. डॉक्टर व्यायाम वाढवा म्हणाले तर तिसऱ्या दिवसाची गोष्ट त्यांना नीट सांग. क्रॉनिक फटीग सिंड्रोममध्ये, म्हणजे न हटणाऱ्या थकव्याच्या आजारात, दुखणं असंच उलटतं, आणि तिथे ठरावीक मापानं वाढवत नेलेला व्यायाम देऊ नये असं उपचारांचे नियम ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनं ऑक्टोबर २०२१ मध्येच लिहून ठेवलंय.

मी आज बांधावर बसून गड्यांना सांगतो, कट्ट्याला हात लावत नाही. यंदा दिवाळीनंतर एकदाही उलटलं नाही. साडेतीन वर्षांत हे पहिल्यांदा.

पंधरा तारखेला लातूरला येतोय. आधीचे दोन आणि नंतरचे तीन दिवस मोकळे ठेवलेत. तासभर बसेन, वही बघेन, आईंशी बोलेन. वहिनींना उठवू नकोस, चहा तू कर.

तुझा,
दिगंबर