टक्के वेगळे, पर्सेंटाइल वेगळे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रवेश परीक्षांचे निकाल लागले की ‘पर्सेंटेज’ आणि ‘पर्सेंटाइल’ हे शब्द बातम्यांत सर्रास एकमेकांच्या जागी पडतात. मथळा ‘सीईटीत ९७ टक्के’ आणि गुणपत्रकावर ९७ पर्सेंटाइल! पर्सेंटेज प्रश्नपत्रिकेशी तुलना करते, पर्सेंटाइल बरोबरच्या परीक्षार्थींशी. समजा, ३ लाख मुले बसली आणि एकीला २०० पैकी १३० गुण पडले. तिचे टक्के ६५. तिच्याइतके किंवा तिच्याहून कमी गुण २,९१,००० जणांना असतील, तर त्या संख्येला ३ लाखांनी भागून १०० ने गुणायचे. उत्तर ९७ पर्सेंटाइल. १०० पर्सेंटाइल म्हणजे पैकीच्या पैकी गुण नव्हेत, परीक्षेच्या त्या सत्रात तो मिळवणाऱ्याच्या पुढे कोणी नाही एवढेच.

सर्वांत जास्त घोळ वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या पात्रतेत होतो. खुल्या गटासाठी ५० पर्सेंटाइल हवे, हे वाचून पालक एकूण ७२० गुणांचे निम्मे, ३६० धरून बसतात. २०२३ मध्ये ही रेषा १३७ गुणांवर होती, म्हणजे जेमतेम १९ टक्के. शिवाय पात्र ठरणे म्हणजे प्रवेश मिळणे नव्हे, हेही त्याच बातमीत यायला हवे.

दुसरी चूक पर्सेंटाइल ढोबळ करून लिहिण्याची. अभियांत्रिकी प्रवेशाच्या जेईई मेनमध्ये पर्सेंटाइल दशांश चिन्हानंतर ७ स्थळांपर्यंत देतात, ते बरोबरी टाळण्यासाठी. ३ लाख परीक्षार्थींत ०.१ पर्सेंटाइल म्हणजे ३०० मुले. ९९.४६ चे ‘साडेनव्व्याण्णव’ केले की १२० जण कागदावरून गायब! मधल्या पट्ट्यात मुलांची दाटी असते, तिथे एखाद्या गुणानेही पर्सेंटाइल बरेच सरकते. वरच्या टोकाला मात्र ९८ वरून ९९ वर जायला पुष्कळ गुण लागतात. तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी काढून एकूण पर्सेंटाइल सांगणे तर साफ चूक. ते एकूण गुणांवरून वेगळे काढतात.

मराठीत याला ‘शतमक’ हा शब्द अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात आहे. तो रुळेपर्यंत ‘पर्सेंटाइल’च छापा, पण त्यापुढे ‘गुण’ किंवा ‘टक्के’ लावू नका. सोबत परीक्षार्थींची संख्याही द्या. १०० मधून पर्सेंटाइल वजा करून त्या संख्येने गुणले आणि १०० ने भागले, की आपल्या पुढे साधारण किती जण आहेत ते घरबसल्या कळते.

आपली विश्वासू,
एक गणित शिक्षिका