आईचा दांड

पुणे, १४ डिसेंबर

प्रिय अरू,

परवा रात्री गोधडी पुरी झाली. शेवटची गाठ मारून दोरा तोडला तेव्हा दीड वाजून गेला होता आणि पहिली आठवण तुझी आली. फोनवर हे सांगता आलं नसतं, म्हणून पत्र.

आईची लुगडी दोन वर्षं ट्रंकेत तशीच होती. कुणाला देववेनात, नुसती ठेवूनही चैन पडेना. दिवाळीनंतर मावशीला बोलावलं, म्हटलं मला गोधडी शिवायला शिकव. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मांडी घालून बस."

नऊवारीची चौघडी केली की माणसाच्या उंचीहून थोडी जास्त लांबी होते. ती आत भर, वरखाली इरकल, असं ठरलं होतं. भरीसाठी निळं लुगडं जमिनीवर पसरलं आणि हात फिरवता फिरवता मधेच एक शिवण लागली. दांड! लुगडं मधे विरलं की तेवढं कापून टाकून दोन्ही टोकं जोडायची, तुझ्याही घरी तेच चालायचं. अरे, टाके तांदळाच्या कणीएवढे, एकसारखे. निळा दोरा संपला असावा, कारण शेवटची वीतभर शिवण पांढऱ्या दोऱ्याची. निऱ्यांत लपून जायची ती. आईने हे लुगडं वर्षानुवर्षं नेसलं आणि मला कधी दिसली नाही.

मग ते आत घालवेना. मावशी म्हणाली, विरलेलं वर घेतलंस तर लवकर फाटेल. म्हटलं, फाटू दे, थिगळ लावीन.

पहिले आठ दिवस मी दोरा ओढत होतो. एक बाजू सगळी चुण्यांनी भरली, उसवावी लागली. मावशीचं एकच, "ओढू नको, त्याला जाऊ दे." कडेने सुरुवात करून फेरे घालत आत आत यायचं. सुई खाली जाते, खालच्या बोटाला टोक लागतं आणि कळतं की सगळे पदर धरले गेले. तेवढ्या एका टोचण्यात मी किती सुखात होतो, कसं सांगू! दांडाशी आलो तेव्हा आईच्या टाक्यांना लागूनच माझा धावदोरा घातला. माझे टाके लांब, तिरके. तिचे तसेच सरळ. त्या रात्री खूप रडलो, आणि उठावंसंही वाटेना.

कॉलेजात तू रंग कालवत बसलास की हाक ऐकू यायची नाही तुला. मला राग यायचा, आठवतं? आता मलाही हाका ऐकू येत नाहीत.

कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूरच्या बाजूला आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका गोधड्या शिवतात, त्या गोधड्यांना कवंदी म्हणतात. कोपऱ्यांत कापडाची त्रिकोणी फुलं लावल्याशिवाय त्यांना ती पुरी वाटत नाही. मीही चारही कोपऱ्यांत लावली, इरकलीच्या लाल पदरातली. मावशीला फार आवडली. परत जाताना कोपरा हातात धरून बराच वेळ बसली होती.

जानेवारीत येशील तेव्हा हीच पांघरायला देईन. पांढऱ्या दोऱ्याची बाजू तेवढी पायाकडे घेऊ नकोस.

तुझा,
विजू