निकाल प्रेक्षकांच्या हाती देताना

लंडन,
९ नोव्हेंबर

चि. ओंकार,
अनेक उत्तम आशीर्वाद.

यंदा स्पर्धेसाठी कोर्टाचं नाटक बसवतोयस आणि निकाल प्रेक्षकांकडून घ्यायचा विचार आहे, असं वहिनी म्हणाली. फोनवर हे अर्धवट सांगितलं जातं आणि नेमकं महत्त्वाचं राहून जातं, म्हणून सविस्तर लिहिते. वाचून झालं की सगळ्या नटांना वाचून दाखव, विशेषतः आरोपी आणि न्यायाधीश करणाऱ्यांना.

प्रेक्षकांच्या कौलाने शेवट बदलणार आहे का, हे सगळ्यात आधी ठरव. इथे थेम्सच्या काठी काउंटी हॉल आहे, लंडनच्या जुन्या कौन्सिलची इमारत. तिथल्या सभागृहात २०१७ साली अगाथा ख्रिस्तीचं कोर्टाचं नाटक सुरू झालं. त्यात बारा प्रेक्षक ज्यूरीच्या, म्हणजे खटला ऐकून कौल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या, जागी बसतात, पण शेवट लेखिकेने लिहिला तोच होतो. जर्मन लेखक फर्डिनांड फॉन शिराखचं २०१५ मधलं नाटक याच्या उलट. लढाऊ विमानाच्या वैमानिकाने अपहरण झालेलं प्रवासी विमान पाडलंय, त्यातली १६४ माणसं गेलीत, आणि गच्च भरलेलं स्टेडियम वाचलंय. तो दोषी की निर्दोष यावर अख्खं प्रेक्षागृह मत देतं आणि न्यायाधीश दोन लिहिलेल्या निकालांपैकी एक वाचतात. जर्मनीत बहुतेक प्रयोगांत तो सुटतो. तुला हा दुसरा प्रकार हवाय. तो दुप्पट मेहनतीचा आहे, पण करायचा तर हाच कर.

आता गोष्टीचा काळ. ती आजच्या सांगलीत घडवलीस तर ज्यूरी आणणार कुठून? नौदल अधिकारी नानावटींवरच्या खुनाच्या खटल्यात, १९५९ साली, मुंबईच्या सत्र न्यायालयात नऊ जणांची ज्यूरी होती. तिने आठ विरुद्ध एक असा निर्दोष असल्याचा कौल दिला आणि न्यायाधीशांनी तो न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. पुढे १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरी उरलीच नाही. म्हणून गोष्ट पन्नासच्या दशकातल्या मुंबईत ने. त्यात आणखी एक सोय आहे. नऊ जण असले की मतांची बरोबरी होत नाही. इंग्लंडमध्ये ज्यूरी बारांची असते आणि एकमत होत नसेल तर निदान दहा जण एका बाजूला लागतात. नाटकात तेवढा वेळ कुठला? बारा घेतलेस आणि सहा-सहा झाले, तर शंकेचा फायदा आरोपीला, हे वाक्य न्यायाधीशाच्या तोंडी आधीच घालावं लागेल.

न्यायाधीशाच्या हातातला लाकडी हातोडा मात्र पहिल्या तालमीलाच काढून टाक. इंग्लंडच्या कोर्टात तो वापरत नाहीत आणि आपली कोर्टं त्याच मुशीतली आहेत. तसंच वकिलांना ज्यूरीसमोर येरझाऱ्या घालायला देऊ नकोस. वकील आपल्या जागी उभा राहून बोलतो. यात फायदा तुझाच आहे, कारण वकील हलला नाही की नजर आपोआप साक्षीदारावर राहते.

ज्यूरी निवडायचं काम पहिल्या घंटेच्या आधी अर्धा तास, बाहेर पॅसेजमध्ये उरकायचं. इच्छुकांची नावं घे, चिठ्ठ्या टाकून नऊ आणि राखीव दोन काढ. एकाच कुटुंबातले किंवा ग्रुपमधले दोघं घेऊ नकोस, ते एकमेकांकडे बघून मत देतात. पायऱ्या चढता येतात का, ऐकायला नीट येतं का, शेवटच्या बसची घाई नाही ना, हे तिघाचौघांसमोर न विचारता एकेकाला बाजूला घेऊन विचार. आपला माणूस ज्यूरीत घुसवायचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळ. तिसऱ्या रांगेतल्या एकाने जरी ओळखलं, तरी सगळा निकाल बनावट वाटतो आणि मग नाटक उभं राहायला काही उरत नाही.

आता नटांचं. या नाटकात नटाने प्रेक्षक जिंकायचा नसतो, पारडं समतोल ठेवायचं असतं. आयुष्यभर टाळी घ्यायला शिकलेल्या नटाला हे फार जड जातं. सरकारी वकील दमदार आणि बचावाचा मिळमिळीत असेल, तर लोक वकिलाला मत देतात, खटल्याला नाही. दोघांचा शेवटचा युक्तिवाद घड्याळ लावून सारख्या लांबीचा ठेव, चार-चार मिनिटांचा पुरे. बचावाचा वकील शेवटी बोलतो, त्याला त्याचा थोडा फायदा मिळतोच, तेव्हा त्याच्या भाषणातली आवाहनं कमी कर आणि मुद्दे ठेव.

आरोपीने रडू नये. डोळ्यांत पाणी आलं की सहानुभूती मिळते आणि दुसरा शेवट कायमचा बंद होतो. पहिल्या अंकात त्याला बहुधा एकही वाक्य नसतं, तरी ज्यूरी सगळ्यात जास्त त्यालाच बघते. साक्षीदार म्हणतो, “तेव्हा नऊ वाजले होते,” आणि पिंजऱ्याच्या कठड्यावर ठेवलेला आरोपीचा अंगठा नुसता आत दुमडतो. मागच्या रांगेला काही दिसत नाही, पण ज्यूरीतली बाई ते टिपते आणि तिचं मत तिथेच ठरतं. म्हणून हाताची प्रत्येक हालचाल तालमीत ठरवून घे, आणि ती दोन्ही बाजूंनी वाचता आली पाहिजे. खून केला की नाही, हे आरोपी करणाऱ्या नटाने मनाशी पक्कं ठरवावं आणि कुणालाही सांगू नये, तुलासुद्धा नाही. काहीच न ठरवता खेळलं की आज एक, उद्या दुसरं असं होतं आणि चेहरा पोकळ दिसतो.

साक्षीदाराचा पिंजरा ज्यूरीपासून आठेक फुटांवर ठेव. याहून जवळ आला तर माणसं अवघडून खाली बघतात, फार लांब गेला तर ती नुसती प्रेक्षक होतात. प्रश्न वकिलाकडे बघून ऐकायचा, उत्तराची सुरुवातही तिकडेच, आणि वाक्य अर्ध्यावर आलं की मान ज्यूरीकडे. ज्यूरीतल्या एकाच माणसावर एका वाक्यापेक्षा जास्त नजर रोखायची नाही, त्याला आरोप आपल्यावरच आहे असं वाटायला लागतं. आवाजाचा पेच खरा आहे. आठ फुटांवरच्या माणसाला आणि शेवटच्या रांगेला एकाच वेळी ऐकू जायला हवं. आवाज चढवू नका, शब्दाच्या शेवटचं अक्षर गिळू नका. निम्मं काम तिथेच होतं.

सरतपासणीत, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला विचारताना, वकील सूचक, म्हणजे उत्तर आधीच सुचवणारे, प्रश्न विचारू शकत नाही. उलटतपासणीत, म्हणजे समोरच्या बाजूच्या साक्षीदाराला विचारताना, विचारू शकतो. नाटकाच्या संहितेत हा फरक काटेकोर ठेव. सरतपासणीत “तुम्ही काय पाहिलंत?” आणि उलटतपासणीत “तुम्ही चष्मा घातला नव्हता, खरं ना?” नाटकाची लय यातूनच बदलते.

मतदानाचं साहित्य अगदी साधं असू दे. एकाच रंगाच्या, एकाच आकाराच्या चिठ्ठ्या, त्यावर दोन चौकोन, आणि पेन्सिली. पेनं ऐन वेळी उमटत नाहीत. दोन रंगांच्या चिठ्ठ्या नकोत, शेजाऱ्याची दिसते आणि माणूस बिचकतो. दोन्ही चौकोनांत खूण केलेली किंवा कोरी चिठ्ठी आली तर? अशा चिठ्ठीच्या जागी राखीव दोघांपैकी पहिल्याचं मत धरायचं, हे ज्यूरीला आधीच सांगून ठेव. म्हणजे राखीव दोघांनीही चिठ्ठी भरायची, फक्त वेगळ्या पाकिटात. अख्ख्या प्रेक्षागृहाचं मत घ्यायचं असेल तर हात वर करायला लावू नकोस, लोक इकडेतिकडे बघून हात उचलतात. मोबाइलवर मत घेतलंस तर बंद नाट्यगृहात नेटवर्क दगा देतं आणि वयस्कर मंडळी बाजूला राहतात.

दोन्ही शेवटांची तालीम सारख्याच वेळा कर. लोक जो शेवट जास्त वेळा निवडतात तो तोंडात बसतो, दुसरा गंजतो, आणि नेमका तोच मोठ्या प्रयोगाला येतो. पडद्यामागे प्रयोगाच्या दिवशी कमी येणाऱ्या शेवटाची एकदा नुसती वाक्यं म्हणून घ्या. प्रकाश आणि संगीताच्या खुणा दोन वेगवेगळ्या रंगांच्या कागदांवर लिहून ठेव. निकाल मंचावर वाचला जायच्या आधी विंगेत व्यवस्थापकाला कळला पाहिजे, नाहीतर दोषी ठरलेल्या माणसावर सुटकेचा उजेड पडतो.

ज्यूरीतलं कुणी मध्येच मोठ्याने बोलेल, कुणाला खोकल्याची उबळ येईल, कुणी घाबरून हसेल. हे सगळं न्यायाधीशाने सांभाळायचं, बाकी कुणी भूमिकेतून हलायचं नाही. म्हणून सगळ्यात हजरजबाबी नट त्या खुर्चीवर बसव, भले ती भूमिका लहान असो.

प्रेक्षकांना साक्षीदाराला थेट प्रश्न विचारू द्यायचे, असंही तुझ्या डोक्यात असेल. या वेळी नको. महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडे, संहिता द्यावी लागते आणि आयत्या वेळच्या सवाल-जवाबाची संहिता तू काय देणार? दोन्ही शेवट मात्र त्या प्रतीत असलेच पाहिजेत. परीक्षकांना एकच शेवट दिसणार आहे, तेव्हा त्यांच्या प्रतीतही दुसरा घाल.

रंगीत तालमीच्या आधी दोनदा वीस अनोळखी माणसं बोलाव. मत देताना कोणत्या वाक्याने मन वळलं ते लिहून घे. वीसपैकी अठरा एकाच बाजूला गेले तर आधी नटाकडे बघ, मग संहितेकडे. बहुतेक वेळा खोट नटाच्या सुरात असते.

बाड तयार झालं की पाठव, उलटतपासणीची पानं आधी. दादा-वहिनीला नमस्कार. माळ्यावर आजोबांची पितळी घंटा आहे ती काढून घे, पट्टेवाल्याच्या टेबलावर ठेवायला होईल.

तुझी,
आत्या