पक्यास पत्र: जीरावणचा संडास आणि आमचं आठ महिन्यांचं रामायण

इंदूर, रविवार सकाळ

प्रिय पक्या,

तुझे तिन्ही व्हॉइस मेसेज ऐकले, तिसऱ्यात मागून वहिनींचा आवाज आहे, "एकतर तो बोका राहील नाहीतर मी", आणि तू आपला म्हणतोयस की परवा त्याला दम दिला म्हणून त्याने मुद्दाम सोफ्यावर शू करून सूड घेतला. अरे सूडबिड काही नसतं रे, मांजराच्या डोक्यात तेवढा हिशेब नाही. फोनच करणार होतो पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, होळकर कॉलेजपासूनची तुझी सवय, म्हणून बसून लिहितोय. लांबेल, चहा घेऊन बस.

आमचा जीरावण गेल्या पावसाळ्यात आला. शेजाऱ्यांच्या स्कूटरखाली चिंब भिजून बसलेलं पिल्लू, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, पोह्यावर जीरावण मसाला भुरभुरल्यासारखे, म्हणून ते नाव, आता सगळे जीरूच म्हणतात. ही लगेच ऑनलाइन बसली आणि मांजराच्या संडासासाठी झाकण असलेला, पुढे फ्लॅप लावलेला एक सुंदर गुलाबी डबा आणि लॅव्हेंडरच्या वासाची माती मागवली. दहा दिवस साहेब गेले त्यात. अकराव्या दिवशी आईच्या गोधडीवर. आईची गोधडी म्हणजे तुला माहितीये, आज्जीच्या नऊवारींची, रामबागेतल्या वाड्यातून आलेली. मग दोन दिवसांनी बाबांच्या खुर्चीवर, मग देवघराच्या दारातल्या पायपुसण्यावर, आणि तिथे मात्र आईचा संयम संपला.

आईने फिनाईल काढलं. सकाळ-संध्याकाळ फिनाईलचे पोछे, घर म्हणजे सरकारी दवाखाना. आणि जीरू जिथे पोछा मारला तिथेच परत जाऊन करायचा, अगदी वास घेऊन, आई म्हणायची बघ मेला कसा खुन्नस ठेवून करतो, आणि खरं सांगू, तेव्हा मलाही तुझ्यासारखंच वाटायचं.

शेवटी डॉक्टरकडे नेलं. पक्या, हे तू सगळ्यात आधी कर, बाकीचं पत्र नंतर वाचलंस तरी चालेल. बोक्यांची लघवीची नळी फार बारीक असते, त्यात खडे किंवा चिकट गाळ अडकला की शू तुंबते आणि एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. तुझा बोका डब्यात जाऊन नुसता बसतोय, जोर करतोय, ओरडतोय आणि थेंब-थेंबच येतंय असं कधी दिसलं तर सोमवारची वाट बघू नकोस, मध्यरात्र असली तरी उचल आणि ने. आमच्याकडे लघवी तपासली, काही निघालं नाही. मग डॉक्टरांनी विचारलं, फरशी कशाने पुसता? फिनाईल म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. माणसाचं लिव्हर फिनाईलमधली फिनॉलसारखी द्रव्यं मोडून बाहेर टाकतं, मांजराच्या लिव्हरला ते जमत नाही, आणि ते पुसलेल्या फरशीवरून चालतं आणि मग दिवसभर पंजे चाटत बसतं. म्हणजे आम्ही त्याला रोज थोडं थोडं विष चाटवत होतो आणि वर खुन्नस त्याच्या नावावर. आईला हे घरी येऊन सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही, फक्त बाटली उचलून मोरीच्या वरच्या फळीवर ठेवली, एकदम मागे.

आता परत परत तिथेच का करतो तेही कळलं. लघवीतलं युरिक अॅसिड पाण्याने निघत नाही, आपल्याला वाटतं वास गेला, पण हवा दमट झाली की तो उठतो, पावसाळ्यात तर हमखास, आणि मांजराच्या नाकाला तर तो कधी गेलेलाच नसतो. त्याला वाटतं अरे इथे तर आपलंच संडास आहे. त्यावर एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते ओतून पुसायचं नाही, चांगलं भिजवून ठेवायचं, आपोआप वाळू द्यायचं. गोधडीला तीन वेळा लावलं आणि गच्चीवर उन्हात टाकली, तेव्हा कुठे वाचली. तुझ्या सोफ्याचा फोम आतपर्यंत प्यायला असेल तर कव्हर धुऊन काही होणार नाही, सरळ फोम बदल.

मग डब्याकडे वळलो. मी आईची शिवणाची टेप घेऊन जीरूला मोजला, झोपला होता तेव्हा, शेपूट सोडून सोळा इंच. डबा मांजराच्या दीडपट लांब हवा म्हणजे चोवीस इंच, आणि आमचा गुलाबी राजवाडा होता सतरा! बिचारा आत वळूसुद्धा शकत नव्हता, त्यात फ्लॅपमुळे सगळा वास आतच कोंडलेला, वर लॅव्हेंडर. तू ट्रेनच्या संडासात उदबत्ती लावून बसशील का? आणि ठेवला कुठे होता, तर वॉशिंग मशीनला चिकटून. एकदा तो आत असतानाच मशीन स्पिनला गेलं, ही सांगते की तो डब्यासकट उडाला. ते अकराव्या दिवसाच्या आदल्याच दिवशी झालं होतं, पण आमच्या कोणाच्या डोक्यात ते जुळलंच नाही.

सियागंजातून कपडे भिजवायचा मोठा टब आणला, उंच कडांचा, कारण साहेबांना माती उडवायची भारी हौस, मागच्या पायांनी असं उकरतो की जणू विहीर खणतोय. पुढून आत जायला सुरी गॅसवर तापवून एक खाच कापली, घरभर जळक्या प्लास्टिकचा वास, कडा सॅंडपेपरने घासल्या. शंभर-दीडशे रुपयांत काम झालं, गुलाबी डबा सतराशेचा होता, आता त्यात कांदे-बटाटे असतात (काळजी नको, धुतलाय). एक टब मागच्या गॅलरीच्या कोपऱ्यात आणि दुसरा जिन्याखाली, कारण जितकी मांजरं त्यापेक्षा एक डबा जास्त ठेवावा म्हणतात. त्यावर आई म्हणाली, "एका मांजराला दोन संडास? वाड्यात आम्ही चौदा माणसं एका संडासावर होतो, तेही अंगणापलीकडे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही.

मातीचं सांगतो. ती जी ओली झाली की गोळा होते ती बेंटोनाइट, आपल्याकडे कच्छात आणि बाडमेरकडे निघते, पाणी लागलं की फुगून घट्ट होते म्हणून शूचा लाडू होतो आणि तेवढाच उचलता येतो. बिनवासाची घे, बारीक दाण्याची, तीन बोटं जाड थर. मांजर मूळचं वाळवंटाकडचं, पायाखाली वाळूसारखं मऊ लागलं की त्याला आपसूक उकरावंसं वाटतं. पूर्वी लोक राखच ठेवायचे, अमेरिकेतसुद्धा. तिथे १९४७ साली एड लोव म्हणून एकाची शेजारीण वाळू मागायला आली, राखेने तिच्या घरभर काळे पंजे उमटायचे, याने तिला वाळूऐवजी सुकवलेली दाणेदार माती दिली आणि त्यातून पुढे मोठा धंदा उभा राहिला. ती माती कुठली, तर मुलतानी मातीच्या जातीची! हे मी आईला कौतुकाने सांगितलं, तर म्हणाली म्हणजे आम्ही लग्नात तोंडाला लावली ती?

एक चूक माझी खास, ती तू करू नकोस. सुरुवातीला लाडू उचलून मी मोरीत टाकायचो, वरून दोन तांबे पाणी. माती फुगते हे माहीत असून! पंधरा दिवसांत मोरी तुंबली, तीही नेमकी नर्मदेचं पाणी यायच्या दिवशी, आमच्याकडे एक दिवसाआड येतं, त्यामुळे भरायची घाई आणि मोरीत घोटाभर पाणी. प्लंबरने पाइप उघडला तर आतून करड्या रंगाचा लगदा निघाला, श्रीखंडासारखा. तो हातात घेऊन म्हणाला, "भिया, ये तो बोरिंग की मिट्टी है, घर में बोरिंग कर रहे हो क्या?" बोअर खणताना भोक ढासळू नये म्हणून हीच माती कालवून ओततात म्हणे. आठशे रुपये आणि हिचे टोमणे वेगळे.

मग कचरागाडी. तुला माहितीये आमचं गाव २०१७ पासून स्वच्छतेत नंबर वन, आणि गाडीत सहा कप्पे, ओलं वेगळं, प्लास्टिक वेगळं, सगळं वेगळं. मी हुशारीने ओल्यात टाकायला गेलो, मांजराची शी म्हणजे ओलाच कचरा ना, तर हेल्परने डबा धरला. म्हणाला साहेब गीला सगळा देवगुराडियाला जातो, तिथे त्याचा गॅस होतो, तुमच्या मातीचा काय गॅस होणार? बरोबरच होतं त्याचं. रोजचे शेकडो टन पचवणारा प्लांट आहे तो आणि मी त्याला माती भरवत होतो. सगळ्या गल्लीसमोर! आता पेपरात घट्ट गुंडाळून डायपरच्या कप्प्यात टाकतो. तुमच्या ग्वाल्हेरच्या गाडीवाल्याला आधीच विचारून घे, माझ्यासारखी शोभा करून घेऊ नकोस.

आणि हो, सूनबाईंना दिवस गेलेत ना, तर त्यांना डब्याच्या आसपास फिरकू देऊ नका. मांजराच्या शीतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू येऊ शकतो आणि तो पोटातल्या बाळाला वाईट. पण विहीणबाई म्हणतायत तसं बोक्याला घालवून द्यायचं काही कारण नाही. तो जंतू शीबरोबर बाहेर पडल्यावर लागण करण्याइतका तयार व्हायला कमीत कमी एक दिवस लागतो, साधारण एक ते पाच दिवस, म्हणजे रोज उचललं की धोका बराच कमी, आणि उचलायचं तू किंवा चिरंजीवांनी, हातमोजे घालून. कच्चं मांस देऊ नका, बाहेर उंदीर मारत हिंडू देऊ नका. सूनबाईंच्या डॉक्टरांच्या कानावर घाला म्हणजे विहीणबाईही गप्प.

आता सगळं सुरळीत आहे असं नाही. माती अजून उडते, पायाला चिकटून हॉलपर्यंत येते, टबासमोर खरखरीत रबरी मॅट टाकलीये त्यात निम्मी अडकते, उरलेली माझ्या चपलांत. मोठं काम झालं की झाकत नाही, टबाच्या कडेवर तबला वाजवल्यासारखे पंजे मारतो आणि निघून जातो. महिन्यातून एकदा सगळी माती फेकून टब साध्या साबणाने धुतो, त्या दिवशी नव्या मातीत सगळ्यात आधी तोच, आम्ही बाजूला सरकायच्या आत. पण गोधडीवर गेल्या पाच महिन्यांत एकदाही नाही.

आणि उचलतं कोण माहितीये? आई. मी सहा वाजता उठेपर्यंत तिचं झालेलं असतं, आंघोळीच्या आधी, डोक्याला जुना पंचा बांधून. डॉक्टरांनी सांगितलं होतं की रोज साधारण किती गोळे निघतात यावर लक्ष ठेवा, एकदम कमी झाले किंवा वाढले तर कळवा, ते तिने मनावर घेतलं. दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवरच लिहिते, "दूध १, जीरू ३". आज चहा देताना म्हणाली, "दोनच आहेत, रात्री पाणी कमी प्यायला वाटतं, बघ जरा त्याच्याकडे." मी बघितलं, तो तिच्याच पायाशी पोट वर करून पडला होता.

टब आणलास की फोटो पाठव, आणि जागा ठरवायच्या आधी वॉशिंग मशीन कुठे आहे ते बघ. नळ आले, उठतो.

तुझा,
बाळ्या

ता. क. सुरुवातीला माती चाळायला मी माळ्यावरचा एक जुना झारा वापरायचो. तो आईचा दिवाळीच्या अनारशांचा होता हे नंतर कळलं. तिला अजून माहीत नाही, मी तसलाच नवा आणून जागेवर ठेवलाय. वहिनींना सांगू नकोस, त्यांचं आणि आईचं फोनवर बोलणं होतं.